थायरॉइडची गोळी, बीपीचं मशीन आणि एक वही

नागपुरात कुणी 'मेडिकलमध्ये जाऊन ये' म्हटलं, की आधी विचारावं लागतं, कोणतं? कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान की मेडिकल चौकातलं मोठं सरकारी रुग्णालय? 'मला थायरॉइड झालाय' या वाक्याचंही तसंच आहे. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी आहे, ती सगळ्यांनाच असते. बिघाड कोणता, हार्मोन कमी बनण्याचा की जास्त बनण्याचा, म्हणजे कमीचा की जास्तीचा, हे विचारल्याशिवाय पुढचं एकही पाऊल टाकू नये. शेजारणीची गोळी, मावशीचा सल्ला, व्हॉट्सॲपवरचा काढा, सगळं तिथेच चुकतं.

मला 9 वर्षांपासून कमीचा आहे, सोबत बीपीही. घरात मामींनाही दोन्ही आहेत. त्यामुळे आमच्याकडे दोन बाटल्या, एक मशीन आणि एक शंभर पानी वही. ज्यांची गोळी नुकतीच सुरू झालीय किंवा रिपोर्ट हातात घेऊन बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डोस डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर जो आकडा ठेवायचा, तो खरा असावा, एवढं आपल्या हातात असतं.

पहिली पायरी: आकडा उलटा का चालतो ते समजून घ्या

रिपोर्टमधलं टीएसएच हे एक हार्मोन, पण ते थायरॉइडमध्ये तयार होत नाही. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ते सोडते, थायरॉइडला कामाला लावण्यासाठी. मजूर ढिला पडला की मुकादमाचा आवाज चढतो, तसं थायरॉइड कमी पडलं की टीएसएच वाढतं. म्हणून 'टीएसएच 18 आलंय, म्हणजे थायरॉइड वाढलाय' हे वाक्य बरोबर उलटं. 18 म्हणजे थायरॉइड कमी. आणि 0.05 म्हणजे थायरॉइडचं हार्मोन जास्त, निदान बहुतेक वेळा तरी.

मोठ्या माणसांत टीएसएच साधारण 0.4 ते 4 किंवा 4.5 च्या आसपास ठीक धरतात. प्रत्येक लॅबची रेंज थोडी वेगळी असते, ती रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली असते. वय वाढलं की टीएसएच थोडं वर सरकतं, त्यामुळे सत्तरीतल्या माणसाला 5.5 आलं तर लगेच घाबरायचं कारण नाही. टीएसएच थोडंच वाढलेलं आणि एफटी4, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, नॉर्मल असेल, तर बरेच डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासूनच गोळीचं ठरवतात. टीएसएच 10 च्या वर गेलं की मात्र सहसा गोळी सुरू होते. बाई गरोदर असेल तर हा सगळा हिशेब वेगळा, ते पुढे येईल.

दुसरी पायरी: चाचण्या नेमक्या कोणत्या

लॅबमध्ये 'थायरॉइड करायचं आहे' म्हटलं की टी3, टी4 (ही दोन्ही थायरॉइडची हार्मोन्स) आणि टीएसएच असं तिन्ही करून देतात. त्यापेक्षा चिठ्ठीवर टीएसएच आणि एफटी4 लिहून मागा. एफ म्हणजे फ्री, रक्तातल्या प्रथिनाला न चिकटलेलं, मोकळं हार्मोन. शरीराला तेच उपयोगी पडतं. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असताना ते चिकटणारं प्रथिन वाढतं आणि एकूण टी4 उगाच जास्त दिसतं.

अँटी-टीपीओ ही अँटिबॉडीची चाचणी एकदा करावी. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उठली आहे, एवढं कळतं. नंतर दर सहा महिन्यांनी ती पुन्हा करण्यात अर्थ नाही, तिच्या आकड्यावर डोस ठरत नाही. कमीच्या थायरॉइडचा डोस ठरवायला टी3 पण लागत नाही. गळ्याला गाठ किंवा सूज हाताला लागत नसेल तर नुसतं टीएसएच वाढलं म्हणून सोनोग्राफीचीही गरज नसते. ऐंशी चाचण्यांच्या 'फुल बॉडी' पॅकेजबद्दल माझं मत चांगलं नाही. इतक्या आकड्यांत दोन-चार ठळक अक्षरांत येणारच, मग त्यांच्या मागे पळत बसायचं.

पहिल्यांदा थायरॉइड कमी निघाल्यावर मात्र काही साध्या चाचण्या सोबत असाव्यात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम. थायरॉइड कमी असलं की वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढतं. क्रिएटिनिन थोडं चढू शकतं आणि सोडियम उतरू शकतं. थायरॉइड ताळ्यावर आलं की यातलं बरंच आपोआप सुधारतं. मला आधी कोलेस्टेरॉलची गोळी मिळाली होती, थायरॉइडचा शोध नंतर लागला.

तिसरी पायरी: रक्त द्यायची सकाळ

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळा घोळ इथेच होतो.

टीएसएचला उपास लागत नाही. साखर-लिपिड सोबत असेल तर लागू शकतो. पण वेळ महत्त्वाची. टीएसएच दिवसभर सारखं नसतं. रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. एकदा सकाळी 7 ला आणि पुढच्या वेळी दुपारी 3 ला रक्त दिलं तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. आमच्याकडे सॅम्पल घ्यायला पोरगा घरी येतो, त्याला दर वेळी सात-साडेसातचीच वेळ सांगते.

त्या दिवशीची थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी. गोळी घेतल्यावर दोन-चार तास एफटी4 वर चढलेलं असतं, तेव्हाचं रक्त गेलं तर डोस जास्त झालाय असं वाटतं. बीपीची गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर चुकवू नका.

आता माझी फजिती. तिसऱ्या वर्षी केस फार गळत होते म्हणून मी दुकानातून बायोटिनच्या गोळ्या आणल्या, 10 मिलिग्रॅमच्या. व्हिटॅमिनच तर आहे, म्हणून कुणाला सांगितलं नाही. महिन्याभराने टीएसएच केलं तर 0.2. डॉक्टरांनी थायरॉइडच्या गोळीचा 75 मायक्रोग्रॅमचा डोस 50 वर आणला. आकडा बघून दुसरं कुणी काय केलं असतं? पुढच्या दोन महिन्यांत जिना चढताना पाय शिशाचे झाले, दुपारी खुर्चीतच डोळे मिटायचे, आणि खालचं बीपी 82 वरून 94 वर गेलं. पुन्हा टेस्ट केली तर टीएसएच परत कमीच! रिपोर्ट सांगतोय हार्मोन जास्त, अंग सांगतंय कमी. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, 'ताई, आणखी काही घेता का? केसांचं, नखांचं?' तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

काही लॅबच्या मशीनमध्ये तपासणीच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. आपल्या रक्तात ते भरपूर असलं की मशीन फसतं: टीएसएच खोटं कमी दाखवतं आणि एफटी4 खोटं जास्त. बायोटिन बंद करून आठवड्याने पुन्हा रक्त दिलं, टीएसएच 9 निघालं. तेव्हापासून वहीत रिपोर्टच्या आकड्याशेजारी मी तीन गोष्टी लिहिते: रक्त किती वाजता दिलं, त्या दिवशी गोळी आधी की नंतर, आणि गेल्या महिन्यात कोणतं नवीन औषध सुरू झालं. रक्त देण्याआधी बायोटिन किमान दोन दिवस बंद ठेवावं, डोस मोठा असेल तर आणखी. 'हेअर, स्किन, नेल' लिहिलेल्या बहुतेक डब्यांत ते असतं, मागची बारीक अक्षरं वाचा.

आणखी एक: ताप, न्यूमोनिया, ऑपरेशन अशा आजारपणात थायरॉइडचे आकडे तात्पुरते हलतात. तातडीचं कारण नसेल तर बरं झाल्यावर काही आठवड्यांनी तपासा.

चौथी पायरी: गोळी घेणं

लेव्होथायरॉक्सिन हे औषधाचं नाव. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन ही ब्रँडची नावं. आपल्या ग्रंथीत जे टी4 तयार होतं तेच हे, बाहेरून दिलेलं. 1914 साली केंडल नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेयो क्लिनिकमध्ये ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. आपल्या नागपूरच्या मेयो या सरकारी रुग्णालयाचा त्याच्याशी नावापुरताच संबंध, पण मला दर वेळी गंमत वाटते.

डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो: 25, 50, 75, 88, 100 असा. हे फार बारीक माप आहे. 50 मायक्रोग्रॅम म्हणजे 0.05 मिलिग्रॅम. बाटली घेताना आकडा स्वतः वाचा, 12.5 आणि 125 यात फरक फक्त एका टिंबाचा. शक्यतो एकच ब्रँड ठेवा. बदलावा लागलाच तर वहीत तारीख टाका आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. नंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर काही नाही. चहासुद्धा नाही. नागपूरकराला हीच खरी शिक्षा. सकाळी फिरून येताना टपरीवर चहा आणि तर्री-पोहे ठरलेले. त्यावर उपाय सोपा: गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा, पहाटे जाग आली की घ्या, मग आवरून फिरायला जा. पोह्यांपर्यंत तास होतोच. ज्यांना सकाळ जमतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घ्यावी, जेवून तीन तास झाल्यावर. काय ठरवाल ते रोज तसंच करा. अनियमितपणामुळे बिघडतं तेवढं वेळेमुळे बिघडत नाही.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात. मध्ये चार तासांचं अंतर हवं. ॲसिडिटीचं जेल पण त्यातलंच. ॲसिडिटीची रोजची कॅप्सूल नव्याने सुरू झाली तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. कोबी-फ्लॉवर शिजवून खायला काही हरकत नाही. ते बंद करून थायरॉइड बरा झालेला मी तरी पाहिला नाही.

एखाद्या सकाळी गोळी राहिलीच, तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्या. टी4 चं अर्धायुष्य सुमारे 7 दिवसांचं आहे, एका दिवसाने आकाश कोसळत नाही. पण याच कारणाने उलटी चलाखीही चालत नाही. महिनाभर गोळ्या बुडवायच्या आणि टेस्टच्या आधी चार दिवस इमानदारीने घ्यायच्या, हे रिपोर्टमध्ये उघडं पडतं. एफटी4 चांगलं येतं, पण टीएसएच वरच असतं, ते इतक्या लवकर उतरत नाही. मामींचा रिपोर्ट एकदा असाच आला. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं, मामींनी छताकडे. 'अवं, पण मले काही होतच नाही, तं रोज गोळी काहून खाऊ?' काही होत नाही ते गोळीमुळेच, हे त्यांना पटायला वर्ष लागलं.

पाचवी पायरी: बीपीचा यात काय संबंध

थायरॉइड कमी असलं की रक्तवाहिन्या आखडतात, नाडी मंदावते आणि बऱ्याच जणांचं खालचं बीपी वाढतं. 140/96 असं काहीतरी. जास्त असलं की उलट: हृदय जोराने आणि भरभर धावतं, वरचं वाढतं, खालचं उतरतं, 160/70 सारखा मोठा फरक दिसतो. थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झाला तरी हेच होतं, सोबत धडधड, हाताला कंप, झोप उडणं. साठीनंतर त्यातून नाडी अनियमित होण्याचा धोका असतो आणि हाडंही झिजतात. म्हणून 'थोडी जास्त घेतली तर वजन लवकर उतरेल' हा विचार मनातून काढून टाका.

नव्याने बीपी निघालं तर यादीत टीएसएच असावंच. थायरॉइड सुधारल्यावर काहींचं बीपी उतरतं, काहींचं तसंच राहतं. माझं थोडं उतरलं, गोळी अर्धी झाली, पण सुटली नाही. ते डॉक्टरांनी ठरवलं. मी नुसती उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते एवढं सांगितलं आणि वही पुढे केली.

घरी बीपी मोजायची रीत अशी. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्ट्यावर तो किती सेंटिमीटरच्या दंडासाठी आहे ते छापलेलं असतं, शिवणाच्या टेपने दंड मोजून बघा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की बीपी खोटं जास्त येतं. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, खर्रा नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. दंड छातीच्या उंचीवर, टेबलावर टेकलेला, बाही वर सारून घट्ट न करता उघडा. मोजताना बोलायचं नाही, टीव्हीवर मालिका नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही लिहा. मनासारखा येईस्तोवर मोजत बसू नका.

सात दिवस, सकाळी बीपीची गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी 135/85 किंवा वर सरासरी राहिली तर ते वाढलेलं धरतात. दवाखान्यात हीच रेषा 140/90 ला असते. आणि दवाखान्यातलं एकटंदुकटं रीडिंग? धंतोलीत गाडी लावायला जागा शोधत तीन चकरा मारून, जिना चढून, धापा टाकत खुर्चीत बसल्या बसल्या मोजलं, तर ते बीपी माझं कमी आणि धंतोलीच्या पार्किंगचंच जास्त.

सहावी पायरी: बीपीसाठीचं रक्त

क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, साखर, लिपिड, लघवीतलं अल्ब्युमिन आणि एक ईसीजी. यातलं बरंचसं थायरॉइडच्या वेळीच झालेलं असेल, पुन्हा पैसे घालू नका. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी सुरू झाली किंवा वाढली की दोन आठवड्यांच्या आसपास क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा करावं लागतं. लघवी वाढवणाऱ्या, म्हणजे क्लोरथॅलिडोनसारख्या गोळीवर सोडियम-पोटॅशियम उतरतं, तेही बघावं. पोटॅशियम अचानक खूप जास्त आलं आणि तब्येत ठणठणीत असेल, तर नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या असतील का हे विचारा. नस सापडत नाही म्हणून फार ओढाताण झाली की असं होतं. अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पायावर सूज येऊ शकते. थायरॉइड कमी असतानाही येते. दोन्ही असलेल्या माणसाने सूज कोणत्या गोळीनंतर आली ती तारीख सांगितली तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

पुन्हा कधी तपासायचं, कुठे जायचं

डोस सुरू झाल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. पंधरा दिवसांत केलं तर अर्धवट आकडा येतो आणि त्यावर पुन्हा डोस हलतो. एकदा स्थिर झालं की सहा महिन्यांनी, मग वर्षाने.

गोळी चालू असलेली बाई गरोदर राहिली तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. डोस बहुधा पाव भागाने किंवा थोडा जास्तच वाढवावा लागतो, कारण पहिल्या महिन्यांत बाळाची सगळी भिस्त आईच्या हार्मोनवर असते. मग साधारण पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी. बीपीची गोळी चालू असेल तर तेही त्याच फोनवर सांगा, टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही.

साध्या कमीच्या थायरॉइडला आणि बीपीला आपले नेहमीचे फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिन पुरतात. गरोदरपण, लहान मूल, गळ्याची गाठ, जास्तीचं थायरॉइड किंवा डोस बदलूनही न बसणारा आकडा असेल तर हार्मोनतज्ज्ञ, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. सरकारीत मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स. सकाळी लवकर निघा, जुना केसपेपर आणि गोळ्यांच्या बाटल्या पिशवीत घ्या, नुसतं 'ती पांढरी गोळी' म्हणून चालत नाही. खाजगीत धंतोली-रामदासपेठेत दर दोन पाट्यांआड एक दवाखाना आहेच.

मे महिना

बाटलीवर कोणत्या तापमानापर्यंत ठेवायची ते लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. गोळीला ऊन, उष्णता, ओल तिन्ही चालत नाहीत. खिडकीत, ओट्यावर, बाथरूमच्या कपाटात, स्कूटीच्या डिक्कीत बाटली नको. आतल्या खोलीतलं कपाट बरं. बाटलीतली गोळी त्याच बाटलीत राहू द्या, झाकण घट्ट.

उन्हाळ्यात बीपीही उतरतं. घाम, त्यात जुलाब-उलट्या झाल्या तर लघवीच्या आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो. अशा दिवशी गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे फोन करून विचारा, मनाने ठरवू नका. सावजीच्या रश्शातलं, लोणच्यातलं, पापडातलं मीठ मात्र बाराही महिने मोजावं लागतं. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. मीठ आयोडीनयुक्तच असू द्या, पण थायरॉइड आहे म्हणून जास्त मीठ खायचं नसतं.

कशाची वाट बघू नये

जास्तीच्या थायरॉइडवर कार्बिमाझोल चालू असताना ताप आणि घसा दुखायला लागला, तर ती गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि सीबीसी करा. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक उतरतात. नाडी अनियमित, धडधड थांबत नाही, तर ईसीजी लगेच. कमीचं थायरॉइड असलेलं म्हातारं माणूस फार सुस्तावलं, अंग गार पडलं, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर झोप आली असेल म्हणून पांघरूण घालू नका, दवाखान्यात न्या. बीपी 180/120 च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम, बोलताना जीभ अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल तर 108 ला फोन करा. वही हाताशी असली तर घ्या, नाही सापडली तर तशाच निघा.